औषध मारताना होणारी विषबाधा : मंदावलेली नाडी आणि तिचा उतारा

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. बी.कॉम. होऊन १९८३ साली बँकेत लागलो आणि २०१९ मध्ये निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षे बेळगाव जिल्ह्यातल्या ग्रामीण शाखांत शेती कर्जाच्या टेबलावर गेली. यंदा कोजागरीला मंडळाच्या गच्चीवर दूध आटत असताना एका सभासदांनी सांगितले, की त्यांच्या खानापूरकडच्या शेतात फवारणी करताना गड्याला घेरी आली. घरच्यांनी त्याला मीठपाणी पाजून झोपवून ठेवले आणि दवाखान्यात नेले ते रात्री नऊला. माणूस वाचला. पण तिथे बसलेल्या आम्हा दहा-बारा शिकल्यासवरल्या माणसांपैकी निम्म्यांना मीठपाणी देणे बरोबरच वाटत होते. आपण शहरात राहत असलो तरी आपल्यापैकी पुष्कळांची जमीन गावाकडे आहे, भाऊबंद तिथे राबत आहेत. म्हणून हे लिहितो आहे. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडून मजकूर तपासून घेतला आहे. गोष्ट मात्र आमच्या घरातली आहे.

१९९४ चा पावसाळा सरत आला होता. रविवार होता म्हणून मी ताईच्या गावी गेलो होतो. दाजी सकाळपासून कोबीवर औषध मारत होते. आमच्या भागात कीटकनाशक फवारण्याला ‘औषध मारणे’च म्हणतात, आणि या शब्दाने पुष्कळ घोटाळा केला आहे असे मला वाटते. ज्याला औषध म्हणायचे त्याची भीती कोणाला वाटणार? पंप पाठीवर गळत होता. नोझल तुंबले की दाजी ते तोंडाने फुंकून साफ करत. सगळेच करत. दुपारी चारला घरी आले, पायरीवर बसले, चहा घेतला आणि अर्ध्या तासात त्यांना दरदरून घाम सुटला. तोंडातून लाळ गळायला लागली. दोनदा उलटी झाली, पोटात मुरडा येऊन परसाकडे पळाले. डोळ्यांतून पाणी वाहत होते. दाजींच्या आई म्हणाल्या, उन्हाने पित्त खवळलंय, लिंबाचे सरबत द्या.

मी त्यांना उठवायला हात धरला, तर तो गार आणि ओला. आमच्या वडिलांना हृदयविकार होता, त्यामुळे मला घड्याळ लावून नाडी मोजायची सवय. मोजली, तर मिनिटाला ४४. पुन्हा मोजली, तेवढीच. हे मला विचित्र वाटले. माणूस घाबरला, घामाघूम झाला, उलट्या-जुलाब झाले, तर नाडी धावायला हवी. इथे ती बैलगाडीसारखी रखडत होती. मांडीवरची कातडी आतून थरथरत होती, जणू तिच्याखाली अळ्या वळवळत आहेत. आणि छातीत घरघर वाजत होते.

गावातल्या डॉक्टरांनी बॅटरी डोळ्यांवर मारली. दाजींच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीपेक्षाही लहान झालेल्या. डॉक्टरांनी शर्टाचा वास घेतला आणि एवढेच विचारले, “आज काय मारलंत?” त्यांच्याकडे असलेल्या ॲट्रोपिनच्या कुप्या त्यांनी शिरेतून दिल्या, दाजींचे सगळे कपडे काढायला लावून साबणाने अंग धुऊन घेतले आणि जीपमधून बेळगावला पिटाळले. औषधाची बाटली सोबत न्यायला सांगितली. ती मोनोक्रोटोफॉसची होती. त्या डॉक्टरांनी ती पंधरा मिनिटे वाया घालवली असती तर पुढचे काही लिहायला कारणच उरले नसते.

आता हे का होते ते मला समजले तसे, माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो.

मेंदूकडून आणि मज्जातंतूंकडून अवयवांना निरोप जातो तो विजेच्या तारेसारखा थेट नाही. तार जिथे संपते तिथे ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन बाहेर पडते, पलीकडच्या अवयवाच्या खिडकीवर पोचते आणि तो अवयव कामाला लागतो. हा झाला चेक. बँकेत चेकचे पैसे दिले की तो ताबडतोब रद्द करावा लागतो, नाहीतर तोच चेक दहा वेळा वटेल. शरीरात चेक रद्द करणारा कारकून म्हणजे कोलिनएस्टरेज हे एन्झाईम. त्याचा वेग असा की एक रेणू सेकंदाला हजारो चेक फाडतो. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस, डायमिथोएट, क्विनालफॉस ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फरस कुळातली कीटकनाशके या कारकुनाचे हात बांधून टाकतात. किडीचा मज्जातंतू आणि आपला मज्जातंतू या बाबतीत सारखेच चालतात, म्हणून किडीला मारणारे माणसालाही मारते.

हात बांधले गेले की तोच निरोप पुन्हा पुन्हा वटत राहतो. लाळेच्या ग्रंथीला ‘लाळ सोड’ हा निरोप, घामाला, अश्रूंना, आतड्यांना तसाच. बाहुलीला ‘आकस’ हा निरोप. फुफ्फुसांच्या नळ्यांना ‘आवळ आणि पाणी सोड’ हा निरोप. छातीतली घरघर ती हीच. माणूस पाण्यात न पडता आतल्या आत बुडू लागतो.

आणि हृदयाचे काय? हृदयाला दोन दोऱ्या असतात, एक वेग वाढवणारी आणि एक कमी करणारी. कमी करणारी म्हणजे मेंदूतून निघून मानेतून छातीत उतरणारी व्हेगस ही नस. ती हृदयाचा ब्रेक. निवांत बसलेल्या माणसाचे ठोके मिनिटाला ६० ते १०० असतात, ते या ब्रेकच्या हलक्या दाबामुळेच. व्हेगसचा निरोपही ॲसिटिलकोलीनच पोचवते. ते रद्द व्हायचे थांबले की ब्रेक दाबलेला तसाच राहतो. ठोके ५०, ४० असे खाली येतात, रक्तदाब पडतो, आणि कधी हृदय थांबतेही.

व्हेगसचा निरोप रसायनातून जातो हे ज्याने दाखवले त्याची हकीकत बँकेतल्या माणसाला विसरता येण्यासारखी नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी ओटो लोवी नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी बेडकाचे हृदय द्रावणात धडधडत ठेवले, त्याची व्हेगस नस चाळवली, ठोके मंदावले. मग ते द्रावण दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर घातले. त्या दुसऱ्या हृदयाला कोणीही हात लावलेला नव्हता, तरी तेही मंदावले. म्हणजे द्रावणात काहीतरी उतरले होते. १९२१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतला. लोवी ज्यू होते. त्यांना अटक झाली आणि देश सोडायला परवानगी मिळाली ती स्टॉकहोमच्या बँकेतले नोबेलचे पैसे नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळते करण्याच्या आदेशावर सही केल्यावर. ज्या १९३६ साली त्यांना पारितोषिक मिळाले त्याच साली जर्मनीत गेऱ्हार्ट श्रॅडर हा रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशक शोधताना टॅबून या भयंकर वायूपर्यंत पोचला. आज शेतकऱ्याच्या पंपातले औषध आणि युद्धातला तो वायू एकाच घरातले आहेत, फक्त ताकद कमी-जास्त.

एक सावधगिरी इथेच सांगून टाकतो. या विषबाधेत प्रत्येक वेळी नाडी मंदच असेल असे नाही. तेच ॲसिटिलकोलीन वेग वाढवणाऱ्या दोरीच्या वाटेवरही काम करते, शिवाय श्वास कोंडला की हृदय आपोआप धावते. त्यामुळे सुरुवातीला नाडी १२० असू शकते. “नाडी तर जोरात आहे, मग विषबाधा कसली?” असे म्हणून थांबू नये. बारीक बाहुल्या, घाम, लाळ, घरघर हे एकत्र दिसले आणि जवळपास फवारणी झालेली असली, तर नाडी कशीही असो, विषबाधाच समजायची. उलट, मंद नाडी दुसऱ्या कारणांनीही होते. कुंपणाला असणाऱ्या पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या बिया पोटात गेल्या तर होते, रक्तदाबाच्या काही गोळ्या जास्त झाल्या तर होते. तिथे लाळ-घाम-बारीक बाहुली हे त्रिकूट नसते आणि उपचारही वेगळा.

आता उतारा. ॲट्रोपिन हे बेलाडोना या झुडपातून मिळते. आपल्या धोत्र्यातही त्याच जातीची द्रव्ये असतात. (म्हणून कोणी घरी धोत्रा वाटून पाजू नका. किती उतरेल याचा हिशेब कोणालाच लागत नाही आणि एका विषावर दुसरे चढते.) ॲट्रोपिन कारकुनाचे हात सोडवत नाही. ते फक्त खिडकी बंद करते. चेक बाहेर साचलेलेच असतात, पण वटत नाहीत. लाळ थांबते, छाती कोरडी होते, ब्रेक सुटतो आणि हृदय पुन्हा वेग घेते.

ते किती द्यायचे, हा खरा प्रश्न. आपल्याकडच्या एका कुपीत ०.६ मिलिग्रॅम असते. एरवी हृदय मंदावले तर एक-दोन कुप्यांत काम होते. या विषबाधेत सुरुवातच तीन ते पाच कुप्यांनी करतात. पाच मिनिटांनी छाती ऐकतात. घरघर कायम असेल तर मात्रा दुप्पट, पुन्हा पाच मिनिटांनी त्याच्या दुप्पट. आमच्या जुन्या सावकारी कायद्यातला दामदुप्पट शब्द मला तेव्हा आठवला होता. तीन, सहा, बारा, चोवीस असे केले तर पंधरा मिनिटांत ४५ कुप्या होतात. छोट्या दवाखान्यात एवढ्या नसतात, म्हणून रुग्ण आला की नातेवाइकाला मेडिकलकडे पळवतात. दर वेळी एक-दोन कुप्या देत तास घालवणे हे धोक्याचे. बांगलादेशात चितगावच्या रुग्णालयात १५६ रुग्णांवर ही तुलना झाली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतीने थोडे थोडे ॲट्रोपिन दिलेल्यांपैकी सुमारे २२ टक्के दगावले, आणि दुप्पट करत झटपट देऊन पुढे सलाइनमधून चालू ठेवलेल्यांपैकी ८ टक्के. औषध तेच, स्वस्तातले, फक्त देण्याची रीत बदलली.

कुठे थांबायचे? छातीतली घरघर गेली पाहिजे, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, काखा कोरड्या, बाहुल्या टाचणीएवढ्या उरलेल्या नसाव्यात. यात छाती आणि रक्ताभिसरण महत्त्वाचे. बाहुल्या कधी कधी उशिरा उघडतात, त्यांच्यासाठी औषध वाढवत बसत नाहीत.

मी नेमका इथे घसरलो. रात्री दीडच्या सुमारास दाजींच्या वॉर्डात गेलो तर त्यांचा चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले, नाडी १३०. ते हवेतले धागे पकडत होते आणि बैलाला हाका मारत होते. मी ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरवर ओरडलो. “संध्याकाळी माणूस शुद्धीवर बोलत होता, तुम्ही काय टोचून त्याला वेड लावलंत? बंद करा ते.” मी शाखेतला साहेब, तशीच सवय लागलेली. धारवाडकडचा मुलगा होता तो. त्याने माझ्याशी वाद घातला नाही. स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावला आणि दाजींच्या पाठीवर ठेवला. म्हणाला, “आता काय ऐकू येतंय?” श्वासाशिवाय काही नव्हते. “संध्याकाळी इथे हुक्का वाजत होता, सर. थोडं जास्त झालंय, ते मलाही दिसतंय. धार थोडा वेळ थांबवतो आणि नंतर कमी करून पुन्हा चालू करतो. कायमची बंद केली तर पहाटे पुन्हा पाणी भरेल.” ॲट्रोपिन जास्त झाले की ताप, बडबड, पोटाची हालचाल थांबणे अशी लक्षणे दिसतात आणि डॉक्टर मात्रा कमी करतात. पण विष अंगात असेपर्यंत उताराही अंगात असावा लागतो. नातेवाइकांच्या दबावाने ॲट्रोपिन मध्येच बंद पडल्याच्या हकीकती मी नंतर पुष्कळ ऐकल्या.

दुसऱ्या औषधाला दवाखान्यात ‘पाम’ म्हणतात, म्हणजे प्रॅलिडॉक्सिम. हे कारकुनाचे हात खरोखर सोडवते, पण गाठ ओली असेपर्यंतच. काही औषधांची गाठ काही तासांत सुकून पक्की होते, काहींची एक-दोन दिवसांनी. एकदा पक्की झाली की शरीर नवा कारकून तयार करेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नाही. या औषधावर डॉक्टरांतच मतभेद आहेत. बारामतीला २०० रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात, लवकर आलेल्या मध्यम विषबाधेच्या रुग्णांना मोठ्या मात्रेत सलग पाम दिल्यावर मृत्यू ८ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. श्रीलंकेत २३५ रुग्णांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र काही फायदा दिसला नाही. त्यामुळे एखाद्या डॉक्टरने पाम दिले नाही तर ‘महागडे औषध दडवले’ असे समजू नये, आणि दिले तर ‘बिल वाढवले’ असेही नाही. ॲट्रोपिनवर मात्र दुमत नाही.

तिसरा दिवस.

दाजी शुद्धीवर आले होते. नाडी ८८. त्यांनी सकाळी इडली खाल्ली, ताईशी बोलले, म्हशीची चौकशी केली. घरात सुगीची कामे पडली होती, बिलाचा आकडा वाढत होता, आणि शेजारच्या खाटेवरचे लोक सांगत होते की माणूस खायला लागला म्हणजे सुटला. सगळ्यांच्या वतीने मी डिस्चार्जचा अर्ज लिहिला. ‘आमच्या जबाबदारीवर नेत आहोत’ हे वाक्य लिहून खाली सही तेवढी राहिली होती. तेवढ्यात तोच धारवाडचा मुलगा राउंडला आला. त्याने अर्ज वाचला, खिशात ठेवला आणि दाजींना म्हणाला, “हात न टेकता, उशीवरून डोकं वर उचला बघू.”

दाजींनी जोर लावला. डोके एक इंचही उचलले नाही. आम्ही सगळे हसलो, अशक्तपणा आलाय म्हणून. तो हसला नाही. तासाभरात दाजींचा श्वास उथळ होत गेला आणि दुपारी त्यांना व्हेंटिलेटरवर घ्यावे लागले. तिथे ते नऊ दिवस होते.

हे काय होते? ॲट्रोपिन ग्रंथी, फुफ्फुसे आणि हृदयाच्या खिडक्या बंद करते. हातापायांच्या, मानेच्या आणि श्वासाच्या स्नायूंच्या खिडक्या वेगळ्या बनावटीच्या असतात, त्यांच्यावर ते चालतच नाही. तिथे चेक वटतच राहतात. आधी स्नायू थरथरतात आणि पुढे थकून लुळे पडतात. विषबाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान, म्हणजे पहिले संकट टळल्यावर आणि उशिराचे दुष्परिणाम दिसण्याआधी, हा लुळेपणा येतो. म्हणून त्याला ‘मधला’ विकार म्हणतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये दहा रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. मान उचलता न येणे ही त्याची पहिली खूण. त्याला इंजेक्शन नाही. स्नायू परत येईपर्यंत यंत्राने श्वास देत राहायचे, एवढाच उपाय, आणि तो पुरतो; बहुतेक जण आठवड्या-दोन आठवड्यांत पूर्ण बरे होतात. फक्त त्या वेळी माणूस रुग्णालयात असायला हवा. मी सही केली असती तर आमची जीप खानापूर रस्त्यावर असताना दाजींचा श्वास थांबला असता. तो अर्ज मला परत मिळाला नाही आणि मी मागितलाही नाही.

तेव्हा घरात किंवा शेतात असे झाले तर काय करायचे? प्रथम माणसाला फवारलेल्या जागेपासून मोकळ्या हवेत आणायचे. कपडे काढायचे, चपला-पट्टाही; चामड्यात औषध मुरते. साबण आणि भरपूर पाण्याने अंग, केस, नखांखालची जागा धुवायची. धुणाऱ्याने हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात, नाहीतर दुसरा रुग्ण तयार होतो. डाव्या कुशीवर, तोंड थोडे खाली करून निजवायचे म्हणजे लाळ-उलटी घशात जाणार नाही. मीठपाणी, ताक, कडुलिंबाचा रस, साबणाचे पाणी, काहीही पाजायचे नाही. मुद्दाम उलटी करवायची नाही. या औषधांत रॉकेलसारखे द्राव असतात, ते फुफ्फुसांत गेले तर आणखी बिघडते. १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीने निघायचे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिन मिळण्याची शक्यता चांगली असते. पहिला डोस तिथे घेऊन पुढे जाणे हे उपाशीपोटी थेट मोठे रुग्णालय गाठण्यापेक्षा बरे. रक्तातले कोलिनएस्टरेज मोजता येते, पण त्या रिपोर्टची वाट पाहत उपचार थांबवत नाहीत.

आणि बाटली न्यायचीच. निदान मोबाइलवर लेबलचा फोटो. वर सांगितलेले सगळे एका कुळाच्या विषाबद्दल आहे. कार्बामेट कुळातली औषधे कारकुनाचे हात सैल बांधतात, ते बहुधा दिवसभरात आपोआप सुटतात. ॲट्रोपिन तिथेही लागते. पायरेथ्रॉइडला असा उतारा नाही. धान्यात ठेवायच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायू आणि तणनाशकातले पॅराक्वाट यांना तर उताराच नाही, आणि पॅराक्वाटमध्ये उगाच ऑक्सिजन लावला तर अपाय होतो. डॉक्टरला बाटलीवरचे नाव कळणे म्हणजे अर्धा इलाज कळणे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालच्या नियमांनुसार प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. सोबतच्या घडीपत्रकात लक्षणे आणि उतारा छापलेला असतो. मी शेकडो शेतकऱ्यांना पीककर्जातून औषधाचे पैसे दिले, पण ते पत्रक उघडून वाचलेला माणूस क्वचितच भेटला. मी स्वतःही १९९४ आधी वाचले नव्हते.

यवतमाळचे २०१७ सालचे प्रकरण आपल्या लक्षात असेल. त्या हंगामात कपाशी डोक्यापेक्षा उंच वाढली होती, मजूर वर तोंड करून फवारत होते, दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. २० हून अधिक जण दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. बिहारच्या सारण जिल्ह्यात २०१३ मध्ये शाळेतल्या दुपारच्या जेवणाने २३ मुले गेली. त्यातले तेल मोनोक्रोटोफॉसच्या जुन्या डब्यातले होते, असे तपासात पुढे आले. रिकामा डबा धुऊन वापरायला काढणे आपल्या घरांतही चालते. तो भोके पाडून निकामी केल्याशिवाय टाकू नये.

शेवटी एक विषय, जो टाळून हा लेख खरा होणार नाही. या विषाने रुग्णालयात येणाऱ्यांपैकी मोठा भाग फवारणीतून नव्हे, स्वतःहून घेतलेल्या विषाचा असतो. वसुलीची यादी घेऊन बांधावर फिरलेल्या माझ्यासारख्याला हे लिहिणे सोपे नाही. पोलीस केस होईल या भीतीने घरचे लोक ‘चुकून पोटात गेले’ म्हणतात, बाटली लपवतात, वेळ खोटी सांगतात. तसे करू नका. रुग्णालय नोंद करते, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमाने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचेच धरले आहे, गुन्हेगार नव्हे. डॉक्टरला औषधाचे नाव आणि वेळ खरी हवी, बाकी चौकशी नंतर. पुष्कळदा हा निर्णय रागाच्या काही मिनिटांत होतो आणि हाताशी काय आहे यावर सगळे ठरते. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल औषधांवर बंदी आणली, तिथले आत्महत्यांचे प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आले आणि शेतीच्या उत्पन्नाला काही झळ लागली नाही. आपण निदान औषधाची पेटी घराबाहेर कुलपात ठेवू शकतो आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे. घरात कोणी गप्प गप्प असेल तर त्याच्याशी बोला. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत व कन्नडमध्येही बोलता येते.

दाजी आता शहात्तर वर्षांचे आहेत. कोबी अजून लावतात. फवारणी मुलगा करतो, हातमोजे घालून, वारा पाठीशी घेऊन. दाजी बांधावर खुर्ची टाकून बसतात, आणि त्याने नोझल तोंडाजवळ नेले की तिथूनच ओरडतात.